कोवळ्या पोरींची बाळंतपणे आणि भट्टीचा बयाणा

(जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर ऑगस्ट २००९ मध्ये आपल्या संघटनेचे दोन दिवसांचे महिला शिबिर झाले. त्यात आपल्या आरोग्य कार्यकर्तीने केलेले हे भाषण. टेपवरून उतरवून घेतले आहे, बोलणे होते तसेच ठेवले आहे. ज्या पोरींच्या गोष्टी आल्या आहेत त्यांची नावे आणि पाडे मुद्दाम गाळले आहेत.)



बाप्यांनी उठून जायचे नाही. विषय बाळंतपणाचा आहे म्हटल्यावर दोघे-तिघे विडी ओढायला निघाले, मी बघितले. विडी इथेच ओढा, पण ऐका.

उन्हाळ्यात आपण वनहक्काचे दावे भरत होतो. शाळेच्या ओट्यावर बसून मी अर्ज लिहीत होते. दावेदाराचे नाव, बायकोचे नाव, घरातल्या माणसांची नावे आणि वये. जमिनीचे सांगताना आपला माणूस अडखळत नाही. आजाने प्लॉट कधी काढला, कुठल्या साली गार्डाने नांगर उचलून नेला, दंडाची पावती कुठल्या डब्यात आहे, सगळे तोंडपाठ. पण वयाचा रकाना आला की गप्प. एक जण म्हणाला, बायको एकोणीस. मोठा पोरगा किती? चार. दुसरा म्हणाला, बायको अठरा, पोरगी तीन, आणि एक पाठीवरची होती ती गेली. अशी पाने मी कोपऱ्यात दुमडत गेले. संध्याकाळी बघते तर गठ्ठ्याचा कोपरा फुगलेला.

एकाने तर बायकोचे नावच सांगितले नाही. म्हणाला, "लिहू नको बाय, ती अजून अठराची नाय, साहेब पकडील." आता कायदा काय म्हणतो? जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावाने. तो हक्क आपण मोर्चे काढून, लाठ्या खाऊन आणला. आणि राब तिने भाजला, आवणी तिने केली, पोर तिने काढले, तरी कागदावर ती नाही. का, तर ती लहान आहे. लहान होती तर आई कशी झाली, हे विचारायला आज मी उभी राहिले.

शहरातले साहेब लोक यावर एकच बोलतात. तुम्हा लोकांची चालच तशी. मला याचा राग येतो. आपली चाल मला ठाऊक आहे. आपल्यात पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत करतात, राहायला लागतात, आणि पैसा साठला की मग धवलेरीला बोलावून लगीन लावतात. माझ्या आईबापाच्या लगनात मी सहा वर्षांची होते, लाडू खाऊन मांडवात झोपले. त्यात मला लाज वाटत नाही. नवरा मारतो म्हणून बाईने उठून जायचे ठरवले तर आपल्यात तिला कोणी जाळत नाही. हुंडा आपल्यात नाही. हे चांगले आहे, हे टाकायचे नाही. पण चौदा-पंधराच्या पोरीला आई करा असे कुठल्या देवाने सांगितले? कणसरीने तर नाही सांगितले. आणि हे फक्त आपल्यातच आहे असेही नाही. २००५-०६ साली सरकारने देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी केली. त्यात १५ ते १९ वयाच्या दर १०० पोरींत १६ जणी आई झालेल्या होत्या किंवा पोटुशी होत्या. त्यात सगळ्या जाती आहेत, सगळी राज्ये आहेत.

(सभेतून एक आजी : आम्हाला पन झालीच ना पोरं. मी काय मेले?)

नाय आजी, तू नाय मेलीस. बरे झाले आहेस. पण सांग, किती झाली तुला?

(आजी : नऊ.)

आणि आहेत किती?

(आजी : चार हायत.)

चार. आजी, तुझ्या दुखण्यावर मी बोट ठेवत नाही, माझे पण एक गेले आहे. पण तू "झालीच" म्हणालीस ना, त्यात ती पाच मोजायची राहिली. आणि तुझ्या जोडीच्या ज्या पोरी पहिल्याच बाळंतपणात गेल्या, त्या आज इथे येऊन बोलू शकत नाहीत.

आता अंगाचे सांगते. पाळी आली म्हणजे पोरगी तयार झाली, असे आपण धरून चालतो. तसे नसते. पाळी येते तेव्हा तिची हाडे अजून वाढत असतात. कमरेचे हाड, ज्यातून मूल बाहेर यायचे, ते सगळ्यात मागून रुंद होते. उंची वाढायची थांबली तरी ते भरत असते. गोऱ्ह्याचा खांदा भरल्याशिवाय आपण त्याला नांगराला धरत नाही, धरला तर शेजारचा येऊन बोलतो. पोरीच्या बाबतीत शेजारचा येतो तो पेढे खायला.

वाट अरुंद असली की मूल अडते. एक दिवस कळा, दोन दिवस कळा. सुईण काय करील? ती तिच्या हाताने होईल तेवढे करते. मूल आत मरते. कधी आई जाते. आणि आई वाचली तरी एक भोग मागे राहतो, तो कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. मुलाचे डोके इतका वेळ दाबून राहिले की लघवीच्या पिशवीला आतून भोक पडते. मग त्या पोरीची लघवी रात्रंदिवस गळत राहते. वास येतो. नवरा टाकतो, सासू वेगळी झोपडी देते, लोक म्हणतात कुणीतरी करणी केली. करणी नाही ती. त्याचे ऑपरेशन होते, ती पोरगी पुन्हा कोरडी होऊ शकते. अशी कोणी तुमच्या पाड्यात असेल तर आज रात्री मला येऊन कानात सांगा. नाव मी कोणाला सांगणार नाही.

दुसरे रक्ताचे. वाढत्या पोरीला तिच्या अंगासाठीच अन्न पुरत नाही. श्रावणात आपल्या घरी काय असते ते मी सांगायला नको. नागलीची भाकर, कोरड, कधी मासळी-खेकडे मिळाले तर मिळाले. त्यातून मूल आपला वाटा ओढून घेते. डोळ्याची खालची पापणी ओढून बघा, आत लाल पाहिजे. आपल्या पोरींची पांढरी असते, भिजलेल्या कागदासारखी. अशा पोरीचे बाळंतपणात थोडे रक्त गेले तरी ते तिला झेपत नाही. वार पडायला वेळ लागला की संपले. नर्सबाई ज्या लोहाच्या गोळ्या देते त्या गावात कोंबड्यांनी खाल्लेल्या मी बघितल्यात. शी काळी होते म्हणून टाकतात. काळी होऊ दे, गोळी खा. जेवणानंतर खा, म्हणजे मळमळ कमी होते.

तिसरे आकडीचे. पहिलटकरणीला, त्यातून कोवळ्या पोरीला, याचा धोका जास्त. आधी तोंडावर, हातावर सूज येते. डोके खूप दुखते, डोळ्यापुढे अंधारी येते. मग आकडी येते, दात बसतात. आपण म्हणतो अंगात आले. गेल्या पावसात अशीच एक सोळाची पोरगी होती. आठवा महिना. तीन दिवस डोके धरून बसली होती. आकडी आल्यावर भगताकडे नेली, कोंबडा झाला, रात्र गेली. सकाळी घोंगडीची डोली करून नदी ओलांडून रस्त्याला आणली. दवाखान्यात गेल्यावर तिथल्या बाईंनी आधी आईला झापले, "एवढ्याशा पोरीला हे काय करून ठेवलंय?" मग म्हणाल्या, इथे होणार नाही, पुढे न्या. पुढे म्हणजे नाशिक. पोरगी घाटात गेली. जीपमध्ये मी होते. माझ्या मांडीवर गेली.

भगताला मी शिव्या देत नाही. माझा सासराच भगत आहे. त्या पोरीनंतर त्यानेच ठरवले, सुजलेली पोटुशी बाई दारात आली तर आधी गाडी बघायची, नारळ मागून. सगळ्या भगतांना हे पटवायला त्यालाच पाठवू या, माझे कोण ऐकणार.

आणि मूल. आई कोवळी असली की मूल दिवस भरायच्या आधी येण्याचा, नाहीतर हलके येण्याचा धोका जास्त. अडीच किलोच्या खाली म्हणजे हलके. आपल्या अंगणवाडीच्या काट्यावर दीड-पावणेदोन किलोची मुले आपण बघतो. त्यांना चोखायला जोर नसतो, अंग गार पडते, थोडा खोकला झाला की जातात. १९९२ साली आपल्याच तालुक्यात वावर-वांगणीला मुले गेली, तेव्हा पेपरांत छापून आले, सरकार हलले. तेव्हापासून साहेब येतात, मुलाचा दंड मोजतात, खिचडीची चौकशी करतात. पण मूल जन्माला येण्याआधीच उपाशी होते, त्याची आई स्वतः वाढायची होती, हे कुठल्या वहीत लिहीत नाहीत.

आता कारणाकडे येते. कारण माझ्याच घरातले सांगते, म्हणजे कोणाला टोचायला नको.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सहावीत होते, आश्रमशाळेत. आमचा एकसाली प्लॉट फॉरेस्टने तारेत घेतला. खायला नाही. गणपतीत मुकादम आला, बापाने बयाणा घेतला. दिवाळी झाल्यावर आम्ही भिवंडीकडच्या भट्टीवर. मला शाळेतून काढले, कारण धाकट्या भावाला सांभाळायला आणि गारा वाहायला कोणीतरी पाहिजे. पुढच्या साली बापाला प्रश्न पडला. पोरगी मोठी झाली. पाड्यावर एकटी ठेवायची तर भीती, भट्टीवर न्यायची तर तिथे रात्री-अपरात्री ट्रकवाले, मालकाची माणसे, झोपडीला दार नाही. आणि मुकादम म्हणाला, एकट्या गड्याला एवढे, जोडीला एवढे. जोडीचा आकडा मोठा. गणपतीच्या आधी मला एका पोराच्या घरी पाठवली. पोरगा चांगला होता, अजून आहे, तो बघा समोर बसलाय. पण मी पंधराची आणि तो अठराचा. जोडी झाली, बयाणा मिळाला, दोन्ही घरांचे पावसाळ्याचे उधार फिटले.

माघात मी आठव्या महिन्याची होते. पहाटे तीनला उठून गारा तुडवायचा. बसले तर मुकादम म्हणायचा, जोडीचे पैसे घेतले आणि काम एकाचे. पत्र्याच्या आडोशाला बाळंत झाले. पोरगी होती. आईच्या तळहातावर मावली. नऊ दिवस होती. मालकाने एक दिवस सुट्टी दिली आणि ती पण हिशोबात कापली. मला एवढे रक्त गेले होते की चुलीपर्यंत चालताना भिंत धरत होते, भिंत म्हणजे कच्च्या विटांचीच.

माझा बाप वाईट होता का? नव्हता. पोरीला सुरक्षित जागा त्याला दुसरी दिसली नाही. म्हणून मी म्हणते, नुसते "लवकर लगीन लावू नका" असे बोर्ड रंगवून हे थांबणार नाही. बोर्ड आपल्या शाळेवर पण आहे.

म्हाताऱ्यांना लग्नगडी आठवत असेल. लगनासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवरा-बायकोने त्याच्या वाड्यावर राबायचे, फिटेपर्यंत. फिटायचे नाहीच. १९४५ साली तलासरीजवळ झरीला आपले वारली जमले, गोदावरीताई आणि शामराव परुळेकर होते, आणि लग्नगडी, वेठ मोडली. मग आज काय चालले आहे? तेव्हा लगनासाठी कर्ज घेऊन वेठीला जायचे. आता वेठीचा आकडा वाढावा म्हणून लगीन. बयाणा देऊन माणूस बांधून ठेवणे हा १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे. मुकादमाला हे माहीत आहे. आपल्याला माहीत आहे हे त्याला माहीत नाही.

आणखी एक आहे, ते जोडीचे पण नाही. भट्टीवर, रेतीवर, बंगल्यावर कामाला गेलेल्या पोरीला कोणी फसवतो, कोणी जबरदस्ती करतो. यवतमाळकडे झरी-जामणी भागात कोलाम पोरींचे हेच झाले. ठेकेदार, व्यापारी येऊन गेले, पोरी आणि मुले राहिली. पेपरवाल्यांनी त्यांना नाव दिले कुमारी माता. पोरीला नाव दिले. त्या बाप्यांना काय नाव दिले, ते मी कुठे वाचले नाही. कोवळी पोरगी असेल तर ती हो म्हणाली की नाही हे कायदा विचारतच नाही, तो बलात्कारच. अशी पोरगी घरी आली तर तिला मारू नका, पंचात उभी करू नका. आधी दवाखाना, मग पोलीस ठाणे. आणि सोबत दहा बाया पाहिजेत. एकटीला हवालदार बाहेर बसवतो.

आता ज्या राहायलाच लागल्या आहेत त्यांचे काय? इथे पण तशा आहेत, माना खाली घालू नका. मी तुम्हाला तोडायला सांगत नाही. राहता तर राहा, पण मूल लांबवा. नर्सबाईकडे निरोध फुकट आहे, गोळ्या फुकट आहेत, तांबी फुकट आहे. पहिले मूल वीस झाल्यावर, आणि दुसऱ्याला तीन पावसाळे जाऊ द्या. लाज वाटत असेल तर मला सांगा, मी आणून देते, माझ्या पिशवीत असतात. (हसणे.) हसा, हसा. बाप्यांनी जास्त हसावे, निरोध त्यांच्यासाठी आहे.

दिवस गेले आणि पोरीला नको असेल, तर सरकारी दवाखान्यात मोकळे करून घेता येते. १९७१ पासून कायदा आहे. जितके लवकर तितके बरे. अठराच्या आतली असेल तर आई-बापाची सही लागते. पण झाडपाल्याची काडी घालून घेऊ नका. काडीने विष चढते, दोन पोरी मी तशा गेलेल्या बघितल्या.

आणि ठेवायचे असेल तर तिला लपवू नका. तिसऱ्या महिन्याच्या आत नाव नोंदवा. वय खरे सांगा. वय लपवले तर ती धोक्याची आहे हे नर्सबाईला कळत नाही. झापतील म्हणून बाया वय वाढवून सांगतात, मला माहीत आहे. त्या दवाखान्याचे मी मघाशी बोलले ना, तिथे आपण पंधरा बाया जाऊन मोठ्या डॉक्टरांना भेटलो. पोरगी आली की आधी तपासा, बोलायचे ते मागून आम्हाला बोला, असे सांगितले. हो म्हणाले. आता हो म्हणतात का करतात ते बघू. बाळंतपण दवाखान्यातच करा, सुईणीला सोबत न्या, तिचा पाचवीचा मान तिला द्या.

आता गणपतीला थोडेच दिवस राहिले. आवणी संपली, घरातले दाणे संपले, म्हणजे मुकादम निघालेच असतील. माझ्याकडे गेल्या साली आला होता. माझी धाकटी सोळाची आहे. चहा पिता पिता म्हणाला, पोरगी आता मोठी झाली, एक जोडी वाढली असती. आणि खोटे कशाला बोलू, आमच्या घरात दोन दिवस भांडण झाले. घराचे पत्रे उडाले होते, पैसे पाहिजेतच होते. मीच इथे भाषण करते आणि माझ्याच घरात तो आकडा दोन रात्री झोपू देत नव्हता. पोरगी गेली नाही. नवरा एकटा गेला, कमी बयाण्यावर. पत्रे अजून घालायचे आहेत, भात झाल्यावर घालू.

म्हणून प्रत्येक पाड्याच्या गावकीत गणपतीच्या आधी हे ठरले पाहिजे. अठराच्या आतल्या पोरीच्या नावावर बयाणा घ्यायचा नाही, जोडीत तिला धरायचे नाही. पण नुसते ठरवून पोट भरत नाही. रोजगार हमीचे काम लेखी मागायचे, पावती घ्यायची. पावती नसली तर मागितलेच नव्हते म्हणतात. पंधरा दिवसांत काम नाही दिले तर बेकारी भत्ता लागतो. आणि ज्यांना जावेच लागेल त्यांच्या पोरी कुठे राहतील, हे पण ठरवायचे. आमच्या पाड्यात गेल्या साली दोन आज्या चार पोरींना घेऊन एका घरात राहिल्या. पोरी शाळेत जात होत्या. नागलीवरून कुरबुर झाली, एका घराने दाणे वेळेवर दिले नाहीत, शेवटी आजीने स्वतःच्या कणगीतले काढले. यंदा दाणे आधी जमा करायचे, मग माणसे भट्टीला. चौघींतली एकही पोरगी त्या साली कोणाच्या घरी गेली नाही.

जमिनीचा दावा पास झाला, कागद हातात आला, बांध घातला, दुसरे पीक आले, तर भट्टीच लागणार नाही. त्याला अजून किती साले जातील कोण जाणे, अर्ज तर अजून गावच्या समितीतच आहेत. तोपर्यंत पोरी वाढत राहणार, त्या काय दाव्यासाठी थांबणार नाहीत.

आता भाकरी खाऊन घ्या. ते दुमडलेले अर्ज मी पिशवीत घालून आणले आहेत. वनहक्क समितीतल्या बायांनी जेवल्यावर जायचे नाही, थांबायचे. ज्या अर्जांत बायकोचे नाव राहिले आहे ते आज लिहायचे, वय खरे लिहायचे, आणि ती आली असेल तर तिचा अंगठा घ्यायचा. शाईचे पॅड माझे वाळले आहे. कोणाकडे आहे का?